रस्ता तुझा

दर सोमवारी सकाळी टायरच्या गोदामावरच्या खोलीत मी ड्रायव्हर लोकांचा वर्ग घेते. घेत असे, म्हणायला हवं. खोलीत रबराचा वास, पंखा एका पात्याने लंगडा, आणि मागच्या रांगेतले लोक चहाचे कप खुर्चीखाली लपवतात, जणू काही मला दिसतच नाही. विषय ठरलेला. साडेचार तास चालवलं की पाऊण तास थांबायचं. थांबायचं म्हणजे इंजिन बंद, चाकावरचे हात खाली. थांबल्या थांबल्या माल उतरवायला मदत केली तर ती विश्रांती नव्हे, ते काम. आणि गाडी हलत असेल तोवर फोनला हात नाही. कानाला नाही, मांडीवर नाही, ‘ताई, नुसतं बघितलं’ तेसुद्धा नाही.

“ताई, एक अडचण आहे,” मागून कुणीतरी म्हणायचंच. “बायकोचा फोन उचलला नाही तर घरचा कायदा मोडतो. उचलला तर तुमचा. शिक्षा कुठे कमी आहे तेवढं सांगा.”

“तुझ्या बायकोला मी ओळखते. माझ्याकडे कमी आहे.”

खोली हसायची. मग पुढच्या रांगेतला एखादा जुना माणूस, हसू ओसरल्यावर, जरा कडवट सुरात म्हणायचा, “तुमचं बरं आहे हो. खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या. एकदा रस्त्यावर या, म्हणजे कळेल.”

“मला सायकल धड चालवता येत नाही,” मी म्हणायचे. “तुम्हालाच चालवायचंय. म्हणून तर ओरडते.”

समोर मोकळं आहे.

कुठे होते मी? वर्ग. हो. मधेमधे असं तुटेल. तुटलं तर जरा थांबा, मी परत येते.

*

आमच्या कंपनीतली एक पद्धत बाहेरच्या माणसाला उफराटी वाटते. गाडी पळत असताना मी मुद्दाम केबिनमधल्या फोनवर फोन करते आणि तो कुणी उचलू नये म्हणून वाट बघते. फोन कंपनीचाच, समोरच्या काचेखाली एका डबीत बसवलेला. गाडी हलली की डबीचं झाकण आपोआप बंद होतं. तरी लोकांनी ते पेनाने उघडलंय, चमच्याने उघडलंय, एका बहाद्दराने नेलकटरने. वाजून वाजून फोन गप्प झाला की मी मनात म्हणते, शाबास. न उचलणारा पास. न मिळालेल्या उत्तरांवर इतकं समाधान मानणारी जगात मी एकटीच असेन.

सगळ्यांत जास्त वेळा पास झालेला माणूस म्हणजे माझा दादा. आणि दादाबरोबर रेडिओ.

दोघं वीसेक वर्षं एकाच गाडीवर होते. लांबच्या मार्गाला दोन माणसं लागतात. एक चालवतो, दुसरा झोपतो. रेडिओ हे अर्थात टोपणनाव. तो माणूस बोलतच नाही, म्हणून पडलेलं. “काय, आज लागला का रेडिओ?” असं लोक दादाला विचारायचे. दादा म्हणायचा, “अजून स्टेशन शोधतोय.” आम्ही घरी त्यांना रेडिओकाका म्हणायचो. त्यालाही ते ‘हुं’ म्हणायचे.

पाळी बदलायची या लोकांची एक रीत आहे. जोडीने चालवणारे सगळेच पाळतात. आमचे बाबाही पाळायचे. गाडी उभी करून उठणारा म्हणतो, “रस्ता तुझा.” त्याच्या जागी बसणारा म्हणतो, “झोप तुझी.” हे उत्तर येईपर्यंत पहिल्याने जागा सोडायची नाही. नुसतं हुं चालत नाही. मान हलवलेली चालत नाही. शब्द पुरते आले पाहिजेत, म्हणजे समोरचा खरंच जागा झालाय हे कळतं. कुठल्याही पुस्तकात नसलेला हा नियम मला पुस्तकातल्या सगळ्यांपेक्षा शहाणा वाटायचा. मी तो वर्गात शिकवायचे, सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घ्यायचे.

लहानपणी घरात आम्ही त्याचा खेळ केला होता. भांडी घासून कंटाळा आला की मी दादाच्या मानेला ओला हात लावायचे आणि म्हणायचे, “रस्ता तुझा.” त्याच्या तोंडून “झोप तुझी” निसटलं की संपलं, उरलेली भांडी त्याची. कितीही दात आवळून बसला तरी निसटायचंच. माझंही तसंच. आई म्हणायची, “बापाचं दुसरं काही उचललं नाही कार्ट्यांनी. हे तेवढं उचललं.”

आरसा. मागे कुणी नाही.

*

तर, गेल्या तपासणीत रेडिओकाकांचे डोळे नापास झाले. समोरचं दिसायचं, बाजूचं दिसेना. माझ्याकडे चालकाचं कार्ड जमा करायला आले तेव्हा त्यांनी ते खिशातून काढलं, शर्टाला पुसलं आणि टेबलावर ठेवलं. मी काहीबाही बोलले. आता आराम करा, इतकी वर्षं रस्ता तुडवलात, असलं. त्यांनी कार्डाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि गेले.

दादाला नवा जोडीदार मिळेना. साहेब म्हणाले, तोवर जाऊ दे एकट्यालाच. थांबत थांबत जाईल, जरा उशिरा पोचेल, बिघडलं काय.

दादा उशिरा पोचला नाही. दोघं असताना जेव्हा पोचायचा तेव्हाच पोचला. पुढच्या खेपेलाही, त्याच्या पुढच्याही.

“बघा,” साहेब खूश होते, “म्हणजे दुसऱ्या माणसाची कधी गरजच नव्हती.”

एकटा माणूस दोघांच्या वेळात पोचतो याचा माझ्या धंद्यात एकच अर्थ होतो: तो झोपत नाहीये. मी त्याच्या गाडीतलं तास मोजणारं यंत्र तपासलं. यंत्र म्हणत होतं, विश्रांती पुरी झाली. चाकं म्हणत होती, गाडी थांबलीच नाही. दोघांपैकी कुणालाच खोटं बोलायचं कारण नव्हतं. मी मेकॅनिकला बोलावलं. त्याने यंत्र उघडलं, फुंकर मारली, बंद केलं. “ताई, यंत्र माझ्यापेक्षा शहाणं आहे,” म्हणाला, आणि हात पुसत गेला.

मग मी दादाला आवारात गाठलं. तो टायरांवर लाथा घालून हवा बघत होता. डोळ्यांखालची वर्तुळं गेली होती. गालांवर मांस आलं होतं. माझ्या दादाला मी इतकं टवटवीत त्याच्या लग्नातही बघितलं नव्हतं.

“झोपलास कुठे?” मी विचारलं.

“टेकडीखालच्या थांब्यावर. ढाराढूर.”

“मग वेळेवर पोचलास कसा?”

“कसा म्हणजे? गाडीने.”

“दादा, थट्टा नको. मी बहीण म्हणून विचारत नाहीये.”

“मग कोण म्हणून विचारतेयस ते सांग. तसा उभा राहतो.” त्याने छाती काढून सलाम ठोकला. मी हसले नाही, तेव्हा त्याचा हात खाली आला. तो इकडेतिकडे बघून जवळ सरकला. “चिमे, तुला म्हणून सांगतो. मी थांबतो. गाडी बंद करतो. चाकासमोर मला झोप लागत नाही, म्हणून शेजारच्या सीटवर जातो, तिथे मला लगेच लागते. झोपतो. उठतो तेव्हा गाडी उभीच असते. बंद. किल्ली जागेवर. फक्त…”

“फक्त काय?”

“थांबा दुसरा असतो.”

आवारात कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

“पहिल्यांदा वाटलं, आपलंच डोकं फिरलंय,” दादा म्हणाला. “झोपेत चालवत असेन. लोक झोपेत जिने चढतात, मी घाट चढतो.” तो हसायला गेला, हसू अर्ध्यावरच राहिलं. “तू वर सांगणार आहेस?”

वर सांगितलं तर दादाचं लायसन्स जाणार होतं, आणि चालवणं सोडून दुसरं काही त्याला येत नाही. नाही सांगितलं, आणि तो खरोखरच झोपेत चालवत असला, तर एखाद्या वळणावर तो स्वतः जाणार होता, किंवा समोरून येणारं कुणाचं तरी घर अख्खं. मी म्हटलं, एक खेप बघते. माझ्या डोळ्यांनी बघते, मग ठरवते.

“झोपताना काय करतोस तू? आधी?” मी जाता जाता विचारलं. का विचारलं, माहीत नाही.

“काय करणार? जांभई देतो, रस्ता तुझा म्हणतो, पडतो.”

“कुणाला म्हणतोस?”

“म्हणतो का मी?” असं त्याने मलाच विचारलं.

*

दुपार. जेवणानंतरचं आळसावलेलं ऑफिस. कुणाचातरी डबा सांडून टेबलं पुसणं चाललं होतं. पडद्यावरच्या नकाशात दादाची गाडी पळत होती, सुरेख, एका वेगात. मी केबिनचा फोन लावला.

एकदा वाजला. दोनदा. उचलू नकोस, उचलू नकोस.

उचलला.

इंजिनाचा आवाज आला. त्याच्या अलीकडे कुणाचातरी श्वास.

“दादा?”

श्वास.

“दादा, गाडी चालू आहे. फोन का उचललास?”

“पोरी,” आवाज म्हणाला. “मला उतरव.”

फोन बंद झाला.

तो आवाज मी आयुष्यात फार तर दहाबारा वाक्यं बोलताना ऐकला असेल. त्यामुळेच तो चुकणं शक्य नव्हतं.

*

आता कॅमेऱ्याचं सांगते. हे नीट सांगितलं पाहिजे.

प्रत्येक केबिनमध्ये एक कॅमेरा असतो. तो चालवणाऱ्याचा चेहरा शोधतो आणि त्याभोवती हिरवी चौकट काढतो. डोळे मिटले, मान खाली गेली, की चौकट लाल होते आणि केबिनमध्ये कर्कश आवाज होतो. लाल बराच वेळ टिकलं तरच चित्र जपून ठेवलं जातं. नाहीतर ते येतं तसं पुसत जातं. म्हणून मी जे पाहिलं ते कुणाला दाखवता येत नाही.

मी चित्र उघडलं.

दादा शेजारच्या सीटवर होता. पट्टा लावलेला, जॅकेट गळ्यापर्यंत ओढलेलं, डोकं काचेला टेकलेलं. तोंड किंचित उघडं. लहानपणी झोपायचा तसा.

काचेबाहेरून झाडं मागे जात होती.

चालवणाऱ्याची सीट रिकामी होती. स्टिअरिंग हळूच इकडे, हळूच तिकडे होत होतं, सराईत हातात होतं तसं. आणि रिकाम्या सीटच्या वर, माणूस बसला असता तर जिथे चेहरा आला असता तिथे, हवेत, हिरवी चौकट. खाली नेहमीची अक्षरं: चालक सतर्क.

मी पडदा बंद करून चालू केला. डोळे पुसले. कॅमेरा बिघडलाय, असं मोठ्याने म्हटलं. टेबल पुसणाऱ्या बाईने “काय ताई?” विचारलं. मी “काही नाही” म्हटलं.

चौकट डावीकडे सरकली. आरसा. परत मध्ये. मग उजवीकडे. आरसा. परत मध्ये.

मग ती मोठी व्हायला लागली. चेहरा कॅमेऱ्याजवळ आणला की चौकट मोठी होते.

ती तशीच थांबली. मग मागे गेली.

*

रेडिओकाकांचं घर ऑफिसपासून चालत जाण्याइतकं. मी जवळजवळ धावतच गेले, हातात मोबाइल, मोबाइलवर तेच चित्र. वाटेत मला वाटत होतं की ते घरी नसतील. गाडीत कुठेतरी लपून बसले असतील, पडद्यामागे, सीटखाली, काहीही. म्हातारा माणूस, सवय सुटत नाही. मी हा खुलासा अगदी घट्ट धरून ठेवला होता.

काकूंनी दार उघडलं. “बरी आलीस. बघ तूच. डॉक्टर म्हणतात रक्त चांगलं, साखर चांगली, हृदय चांगलं. माणूस तेवढा वाईट.”

“काका आहेत?”

“कुठे जाणार? बसलेत. झोपतच नाहीत गं. अंथरुणावर नेलं तर पाठ टेकत नाहीत, तासन्‌तास त्या खुर्चीत. मधूनच म्हणतात, झोप तुझी. मी म्हटलं, कसली माझी! तुमच्या पायी माझीही गेली.”

खोलीला मोठी खिडकी होती. खुर्ची तिच्याकडे पाठ करून, भिंतीला तोंड करून ठेवलेली.

“खिडकीकडे वळवली की ओरडतात,” काकू म्हणाल्या. “ओरडतात म्हणजे, हुं म्हणतात. पण जोरात.”

मी समोर गेले. मला ते ओळखू आले नाहीत. गाल आत गेलेले, डोळे विस्तवासारखे, ओठांना भेगा. दोन्ही हात मांड्यांवर, मधे अंतर ठेवून, बोटं किंचित वळलेली. चप्पल नसलेला उजवा पाय फरशीवर. तो हळूच दबायचा, सैल व्हायचा.

त्यांनी मान डावीकडे वळवली. परत मध्ये. उजवीकडे. परत मध्ये.

मी मोबाइलकडे बघितलं. डावीकडे. मध्ये. उजवीकडे. मध्ये.

“काका.”

“हुं.”

“काका, गाडी थांबवा.”

त्यांचे ओठ हलले.

“उतार आहे,” ते म्हणाले.

काकू पाठीमागून म्हणाल्या, “कसला उतार? काय बोलताय?”

काकांच्या पापण्या खाली आल्या. वर गेल्या. पुन्हा आल्या.

मिटल्या.

माझ्या हातात चौकट लाल झाली. मोबाइलमधून केबिनमधला तो कर्कश आवाज आला. दादा हलला नाही. जॅकेट गळ्यापर्यंत, तोंड किंचित उघडं. काचेबाहेरची झाडं वेगाने जायला लागली होती, आणि ती सरळ मागे न जाता तिरकी जात होती.

“काका! दादा!” मी दोघांनाही हाक मारली.

काकांनी डोळे उघडले. आवाज थांबला. चौकट हिरवी झाली, पण दिवा जातायेता फडफडतो तशी.

ते भिंतीकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते.

“पोरी,” ते म्हणाले. “रस्ता तुझा.”

उत्तर येईपर्यंत जागा सोडायची नाही. त्यांनी सोडली नव्हती. ते थांबले होते.

मी विचार केला असं मला सांगायला आवडेल. दादाचा, काकांचा, समोरून येणाऱ्या कुणाचातरी. सगळं एका क्षणात तोलून पाहिलं, असं. पण मला मानेवर ओला हात लागल्यासारखं झालं, एवढंच आठवतं.

“झोप तुझी,” मी म्हटलं.

*

काकांचं डोकं खुर्चीच्या पाठीला टेकलं आणि ते घोरायला लागले. काकूंनी तोंडावर पदर धरला. “झोपले! अगं, झोपले बघ!” त्या रडत होत्या, पांघरूण शोधत होत्या, मला पाणी देऊ की चहा ते विचारत होत्या, सगळं एकदम. “काय जादू केलीस गं?”

मी भिंतीकडे बघत होते. तिथे चुन्याचा एक पोपडा निघाला होता. त्याच्या मागे

वळण. हळू.

माझा उजवा पाय फरशीवर दाबला जात होता.

मोबाइलवर चौकट हिरवी होती. चालक सतर्क. आधीपेक्षा जरा खाली होती.

मी रेडिओकाकांपेक्षा बुटकी आहे.

*

तासाभराने दादाचा निरोप आला: पोचलो. मस्त झोप झाली.

तो परत आल्यावर मी त्याला शपथ घातली. झोपताना ते म्हणायचं नाही, काही झालं तरी. तो म्हणाला, “अगं, मी कुठे म्हणतो?” आणि त्या संध्याकाळी आमच्याकडेच, जेवून, दिवाणावर लवंडताना त्याने जांभई दिली. तोंडावर हात गेला, आणि त्या हातामागून शब्द आले, अगदी हलके. माझ्या तोंडून उत्तर निसटलं आणि हात मांड्यांवर गेले. गाडी आवारात उभी होती. माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये तिची किल्ली होती. तरी बराच वेळ मला रस्ता दिसत राहिला, उभा राहिलेला, कडेला गवत असलेला.

त्याला खरं सांगितलं तर त्याला पुन्हा झोप लागणार नाही. तो जागाच चालवेल. न झोपता चालवत राहणाऱ्यांचं काय होतं ते मी दर सोमवारी त्या खोलीत पडद्यावर दाखवत आलेय. म्हणून सांगितलं नाही.

वर काय सांगायचं? साहेब म्हणतात, तुमच्या भावासारखे चार असते तर! एकही तक्रार नाही, एकदाही फोनला हात नाही.

मी रजेवर आहे. डॉक्टर म्हणाले, रक्त चांगलं आहे. आता लक्षात येतं, काका खुर्ची भिंतीकडे का वळवून बसायचे. खिडकीत दुसरंच काहीतरी दिसतं आणि दोन्ही एकमेकांवर चढतात. भिंत बरी. मी माझी खुर्ची वळवून घेतली आहे.

आई जेवणाचं ताट घेऊन समोर बसते. “एवढी काय दमतेस बसून बसून?” म्हणते. परवा तिच्याकडे बघता बघता माझ्या तोंडात आलं होतं. दातांपर्यंत आलं होतं. बाबांबरोबर तिने उभा जन्म काढलाय. तिला उत्तर पाठ आहे. मी ओठ चावला. रक्त आलं, तर ती म्हणाली, “हळू चाव, कुणी मागे लागलंय का?”

वर्गात तर सगळ्यांनाच पाठ आहे. मीच मोठ्याने म्हणवून घेतलंय. म्हणून वर्ग सोडला.

काकूंचा फोन येतो कधीमधी. हे अजून झोपलेलेच आहेत म्हणतात. खातात, पितात, परत झोपतात. वजन वाढलंय. तुझे उपकार कसे फेडू.

आरसा.

आरसा.

आता दुपार आहे. दादा टेकडीच्या पलीकडे झोपलाय. जॅकेट गळ्यापर्यंत. रस्ता बरा आहे, कडेला कुणी नाही, वर ऊन. सांगायला वेळ मिळाला म्हणून सांगितलं. एकटीने चालवताना बोलत राहिलं की बरं असतं, असं आमचे लोक म्हणतात.

फोन वाजतोय. मांडीवरच आहे. केबिनचा नंबर.

म्हणजे दादाचा.

इतक्या लवकर तो उठत नाही कधी. उठला असेल आणि शेजारी बघितलं असेल. झाकण कशाने उघडलं असेल? गाडी चालू असताना फोनला हात लावलाय, म्हणजे नोंद करावी लागेल. भाऊ असला तरी. करीन, थांबल्यावर.

वाजून वाजून गप्प झाला.

परत वाजतोय.

मी उचलत नाही. उतार आहे.